नकाशा आधी, तारा नंतर

अमेरिकेत 2021च्या पायाभूत सुविधा कायद्याने ब्रॉडबँडच्या विस्तारासाठी 42.45 अब्ज डॉलर ठेवले. प्रत्येक राज्याला किमान 10 कोटी. त्यापुढचा वाटा प्रामुख्याने केंद्राच्या नकाशावर किती घरे इंटरनेटविना दिसतात यावर ठरला. टेक्सासला सर्वाधिक, 3.3 अब्ज डॉलर आले. म्हणूनच राज्याचे खरे नियोजन खोदकामाआधी, नकाशावरच्या नोंदी तपासण्यात आहे, असे माझे ठाम मत आहे. नकाशातून सुटलेली वस्ती निधीतूनही सुटते.

कागदपत्रांत वर्षे जातात, हा आक्षेप खरा आहे. राज्यांचे वाटे जाहीर व्हायलाच जून 2023 उजाडला. पण पूर्वी जनगणनेच्या गटात एका घराला जोडणी मिळू शकत असली, तरी अख्खा गट जोडलेला धरत. त्यात खेड्यांतली कितीतरी घरे हिशेबातूनच गळाली. त्या चुकीपेक्षा हा उशीर परवडला.