नक्षीदार दगड ओळखायचा कसा?

नक्षीदार दगडाची कापून, घासून चकचकीत केलेली चकती हाती आली की आपण आधी तिच्यावरची नक्षी न्याहाळतो. कुणाला त्यात डोंगररांगा दिसतात, कुणाला शेवाळ, कुणाला ढगात दडलेला गणपती. मग तशीच नक्षी असलेले चित्र कुठे तरी सापडते आणि त्या चित्राखालचे नाव आपल्या चकतीला चिकटते. जॅस्पर आणि अकीक या दगडांची ओळख बहुतेक वेळा अशीच होते आणि बहुतेक वेळा चुकते. या दोन दगडांच्या बाबतीत नक्षी हा सर्वांत कच्चा पुरावा आहे. दगड कशाचा बनला आहे हे काही साध्या कसोट्यांवरून कळते. तो कुठला हे मात्र तो उचलला त्या जागेच्या नोंदीवरूनच ठरते. ती नोंद नसेल तर नाव अर्धेच राहते, आणि ते अर्धेच ठेवण्यात प्रामाणिकपणा आहे.

याचे कारण दगडाच्या जन्मातच आहे. नगरजवळचे केडगाव घ्या. पुणे रस्त्यावरचे हे रेणुकामातेचे गाव ज्या काळ्या दगडावर उभे आहे, तो सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेला लाव्हा आहे. निवताना त्यातले वायू बुडबुड्यांच्या रूपाने अडकले आणि पोकळ्या राहिल्या. पुढे खडकात झिरपणाऱ्या पाण्याने विरघळलेली सिलिका आणून त्या पोकळ्या भरल्या. पोकळीच्या भिंतीपासून आत एकेक पातळ थर बसत गेला की पट्टेदार अकीक होतो; सिलिकेत लोहाची भेसळ भरपूर झाली आणि दगड अपारदर्शक बनला की त्याला जॅस्पर म्हणायचे. लाल रंग हेमॅटाइटचा, पिवळा गोएथाइटचा, हिरवा बहुधा सेलॅडोनाइटचा. म्हणजे पदार्थ एक, रंग देणारी द्रव्ये मोजकी, आणि ती मिसळण्याच्या तऱ्हा मात्र अगणित. शिवाय असा लाव्हा जगात अनेक ठिकाणी ओतला गेला आहे. मग एकसारखी नक्षी दोन खंडांत तयार झाली तर नवल कसले? त्यात एकाच गोट्याला उभा छेद दिला तर पट्टे दिसतात आणि आडवा दिला तर डोळे. कापणाऱ्याच्या हाताने बदलणारी गोष्ट ओळखीचा आधार कशी होईल?

आता कसोट्या. अकीक आणि जॅस्पर यांची कठीणता मोह्‌सच्या मापावर 6.5 ते 7 असते, म्हणून त्यांच्या धारेने काच ओरखडते आणि त्यांच्यावर साध्या चाकूचे पाते चालत नाही. विहिरी खोदताना लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये लागणारा तांबडा बोल रंगाने जॅस्परसारखा वाटतो, पण चाकूने सहज खरवडला जातो. कॅल्साइटची कठीणता 3 आहे आणि सौम्य आम्लाचा थेंब पडला की ते फसफसते. काच ओरखडली म्हणून दगड अकीकच ठरला, असेही नव्हे, कारण क्वार्ट्झचे इतर प्रकारही काच ओरखडतात. म्हणून भिंगाखाली तुटलेली कड पाहावी. अकीकाची कड शिंपल्यासारखी वळणदार आणि मेणचट दिसते. तिथे वाळूसारखे कण दिसले तर दगड वेगळा. चकतीमागे मोबाइलची बॅटरी धरावी: पातळ कडेतून उजेड आला तर अकीक, अडला तर जॅस्पर. एकाच चकतीत दोन्ही असू शकतात, तेव्हा या भेदावरून भांडण्यात अर्थ नाही. सर्वांत उपयोगी आणि सर्वांत दुर्लक्षित कसोटी घनतेची. वजनकाट्यावर पाण्याचे भांडे ठेवून काटा शून्यावर आणायचा आणि चकती दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवायची, तळाला न टेकवता. काटा जेवढे ग्रॅम दाखवेल त्याने चकतीच्या कोरड्या वजनाला भागायचे. 130 ग्रॅमच्या चकतीने काटा 50 ग्रॅम दाखवला तर घनता 2.6, म्हणजे अकीकाच्या घरातली. ओपल बरेच हलके, बेसॉल्ट बहुधा 2.8 च्या वर. नक्षी पाहून डोळा फसतो, काट्याला नक्षी दिसतच नाही.

बाजारात या कसोट्या न लावल्यामुळे काय होते ते पाहा. ‘बम्बलबी जॅस्पर’ नावाने विकला जाणारा पिवळा-काळा इंडोनेशियन दगड जॅस्पर नाहीच. त्यात मुख्यतः कॅल्साइट आहे आणि पिवळ्या रंगामागे आर्सेनिकची संयुगे आहेत. घरी कोरडा घासायला घेतला तर त्याची धूळ घातक. पांढऱ्यावर काळे ठिपके असणारा ‘डाल्मेशियन जॅस्पर’ हा फेल्डस्पार आणि क्वार्ट्झचा अग्निज खडक, तर ‘लेपर्डस्किन जॅस्पर’ रायोलाइट. ‘ओशन जॅस्पर’ हे नाव मादागास्करच्या किनाऱ्यावरच्या दगडाचे आणि ‘मूकाइट’ पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या दगडाचे. ही नावे जागांना बांधलेली आहेत. केडगावच्या ओढ्यातला गोटा गोल गोल ठिपक्यांचा असला तरी तो ओशन जॅस्पर होऊ शकत नाही. उलट, नगरच्या बाजारातून घेतलेली चकती नगरची असेल असे मानायलाही काही आधार नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो जाणत्या डोळ्याचा. आयुष्यभर दगड हाताळणारा कारागीर नुसते पाहून नाव सांगतो, त्याचे काय? तो सांगतो आणि पुष्कळदा बरोबर सांगतो. पण त्याने पाहिलेल्या मालापुरते. शिवाय रंग बदलण्याची कला त्याच्याच धंद्यात मुरलेली आहे. गुजरातेत रतनपूरच्या खाणीतून निघालेला फिकट अकीक उन्हात वाळवून आणि भट्टीत तापवून लाल करण्याची खंबायतची परंपरा फार जुनी आहे. जर्मनीत इडार-ओबरश्टाइनच्या कारागिरांनी एकोणिसाव्या शतकात अकीक रंगवण्याचे शास्त्रच उभे केले: साखरेच्या पाकात मुरवून गंधकाम्लात टाकला की सच्छिद्र पट्टे काळे होतात. आज दुकानात दिसणारे भडक निळे आणि गुलाबी अकीक जवळजवळ सगळे रंगवलेले असतात. चिरांमध्ये रंग गडद साचलेला दिसला की समजावे. तेव्हा जाणता डोळा कामाचा आहेच, पण तो सुरुवात करून देतो. निकाल देऊ शकत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. प्रयोगशाळेत क्ष-किरणांनी खनिज ठरते, मग दगडाचा उगम का ठरू नये? ठरू शकतो. हडप्पाकालीन दगड कुठून आले हे शोधताना रँडल लॉ या अमेरिकी संशोधकाने अकीकातली अत्यल्प प्रमाणातली मूलद्रव्ये मोजून ती वेगवेगळ्या खाणींच्या नमुन्यांशी ताडली. पण ताडायला नमुने लागतात, आणि ते नमुने कुठले हे आधी कुणीतरी जागेवर उभे राहून लिहून ठेवलेले असावे लागते. म्हणजे यंत्र कितीही महाग आणले तरी शेवटी गाठ पडते ती कागदाच्या चिठ्ठीशीच.

शोभेच्या दगडासाठी एवढा खटाटोप कशाला, असे कुणी म्हणेल. नुसत्या शोभेला खरेच नको. पण हा नगर जिल्हा आहे. प्रवरेकाठच्या नेवाशाला हसमुख सांकळिया आणि डेक्कन कॉलेजच्या त्यांच्या सहकाऱ्यांनी 1954 पासून उत्खनन केले. तिथल्या मध्य पुराश्मयुगीन माणसाने चर्ट, जॅस्पर, अकीक असेच दगड हत्यारांसाठी निवडले होते, आणि या हत्यारांच्या परंपरेला ‘नेवासियन’ हे नावच पडले. त्याआधीच्या माणसाच्या हातकुऱ्हाडी प्रामुख्याने बेसॉल्ट-डोलेराइटसारख्या काळ्या दगडाच्या. नेवाशाजवळच्या चिरकी नाल्यावर गुद्रुन कॉर्व्हिनस यांनी 1960 च्या दशकात त्यांचा कसून अभ्यास केला. पुढे जोर्वे आणि दायमाबादच्या ताम्रपाषाणयुगीन वस्त्यांतही कॅल्सेडोनी या अकीकाच्याच कुळातल्या दगडाची बारीक पाती वापरात होतीच. या जिल्ह्यातल्या नदीकाठचा लालसर गोटा हा कधी कधी नुसता गोटा नसतो. त्याच्या पृष्ठभागावर एकमेकांना छेदणारे उथळ, वाटीसारखे खाचे असतील तर ते माणसाने ठोकून काढलेल्या छिलक्यांचे असू शकतात. असा दगड करवतीखाली घातला की छान चकती मिळते आणि पुरावा कायमचा जातो. कापताना दगडाची मूळ साल जाते, तिला चिकटलेला काळा दगड जातो, झीज जाते. चकचकीत चकती ओळखणे अवघड का, याचे अर्धे उत्तर इथेच आहे.

चिठ्ठीसुद्धा नीट हवी. नुसते ‘केडगाव’ लिहून भागणार नाही, कारण पुणे जिल्ह्यात दौंड तालुक्यातही केडगाव आहे आणि तिथेही पायाखाली तोच काळा दगड आहे. जिल्ह्याचे नाव 2024 मध्ये अहिल्यानगर झाले. जुन्या संग्रहांतल्या चिठ्ठ्यांवर अहमदनगरच राहणार. म्हणून तालुका, ओढा किंवा शिवाराचे नाव, आणि मोबाइलवर दिसणारे अक्षांश-रेखांश तिन्ही लिहावेत. दगड विहिरीच्या उकरीतला, नदीतला की दुकानातला, हेही लिहावे. संरक्षित प्राचीन स्थळावरून काहीही उचलू नये. शेतात हत्यारासारखे काही दिसले तर ते न हलवता फोटो काढून पुरातत्त्व खात्याला किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजला कळवावे. आणि जिच्या उगमाची काहीच खबर नाही अशा चकतीवर कसोट्या करून ‘जॅस्पर, स्थळ अज्ञात’ एवढेच लिहावे. त्यापुढचे एखादे गोड परदेशी नाव दुकानदाराने दिले तर ते त्याच्या नावावर वेगळे टिपून ठेवावे.