पालकाच्या जुडीचा काय दोष?

माणिकपुरात गाऊटने कुणाचा अंगठा सुजला की औषधाआधी पथ्य येतं: पालक बंद, टोमॅटो बंद, डाळ बंद. वसईच्या वाड्यांतली हिरवी भाजी पानातून उठते; लग्नातली बिअर, तारली आणि डुकराचं मटण मात्र जागच्या जागी! अमेरिकेतल्या 47,150 पुरुषांवर 12 वर्षं लक्ष ठेवून 2004 साली निघालेला निष्कर्ष याच्या उलट आहे. गाऊटचा धोका मांस-मासळीने वाढला, ज्यातून युरिक ॲसिड बनतं ते प्युरिन असलेल्या भाज्यांनी नाही. दूधदुभत्याने तर घटला.

तरी सगळं खापर जिभेवर फोडू नये. ज्याचे स्फटिक सांध्यात साचून गाऊट होतो त्या युरिक ॲसिडचा मोठा वाटा शरीर स्वतःच बनवतं, ते बाहेर टाकण्याचं दोन तृतीयांश काम मूत्रपिंडांचं आणि त्यांची क्षमता बरीचशी आनुवंशिक. कडक पथ्यानेही रक्तातली पातळी फार तर एखाद्या अंकाने उतरते.

‘रिपोर्टमध्ये साडेसात आलं, म्हणजे गाऊट’ हेही खरं नाही. पातळी वाढलेल्या बहुतेकांना तो कधीच होत नाही. उलट ऐन दुखण्यात ती नॉर्मल येऊ शकते. म्हणून दोनेक आठवड्यांनी पुन्हा तपासावी. खात्रीचा पुरावा सांध्यातल्या पाण्यात, सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या सुईसारख्या स्फटिकांचा. सांधा लाल, गरम आणि अंगात ताप असेल तर आत पू असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

गाऊटच्या झटक्यावरचं औषध कोल्चिसिन कोकणात पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावीतही असतं. म्हणून कुणी कंद उगाळून देऊ लागलं तर घेऊ नका, तो जीवघेणा विषारी आहे. मूत्रपिंड कमजोर असेल तर दुकानातून परस्पर आणलेली वेदनाशामक गोळीही नको.

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज युरिक ॲसिड कमी करणाऱ्या ॲलोप्युरिनॉलचा. ‘या गोळीने किडनी जाते’ म्हणून लोक ती टाळतात, किंवा दुखणं थांबलं की सोडतात. खरं तर मूत्रपिंडाच्या रुग्णांनाही ती कमी मात्रेने सुरू करून देता येते. एरवी 100 मिलिग्रॅमपासून हळूहळू वाढवत पातळी 6 च्या खाली आणायची आणि तिथेच ठेवायची, बहुधा कायमची. सुरुवातीच्या महिन्यांत जुने स्फटिक विरघळताना झटके येतात. ते टाळायला तीन ते सहा महिने अल्प मात्रेत कोल्चिसिन सोबत देतात. तरीही झटका आला तर ॲलोप्युरिनॉल थांबवू नये. अंगावर पुरळ उठलं तर मात्र लगेच बंद करून डॉक्टरांना दाखवावं.