आम्रखंड आणि त्यांतील पाणी

चैत्रवैशाखाचे दिवस जसे उन्हाचे, तसेच ते मंगल कार्यांचेहि दिवस होत. मुंजी, साखरपुडे, चैत्रगौरीचीं हळदीकुंकवें, सुटींत माहेरीं आलेल्या लेकी व त्यांचीं मुलें, यांमुळें घरांत पंधरावीस पानें मांडण्याचा प्रसंग पुन्हां पुन्हां येतो. अशा उकाड्यांत चुलीपाशीं तासन्‌तास उभें राहणें ही रांधणाऱ्यास एक शिक्षाच होय. म्हणून दूध तापविण्यापलीकडे ज्याला अग्नीची गरज नाहीं, जें आदल्या दिवशीं करून ठेवतां येतें आणि जें थंडगारच खावयाचें असतें, असें आम्रखंडासारखें पक्वान्न या ऋतूंत सर्वांस प्रिय व्हावें यांत नवल नाहीं.

तथापि आम्रखंड दिसतें तितकें सोपें नाहीं. श्रीखंड उत्तम साधणाऱ्या हातांचेंहि आम्रखंड पुष्कळदां पातळ होतें, वाटींत वाढल्यावर कडेनें पाणी सोडतें, किंवा त्याला आंब्याचा रंग येतो पण आंब्याचा वास येत नाहीं. आणि उन्हाळ्यांत याहून मोठी भीति असते ती पंगत उठल्यावर मुलांचीं व वृद्धांचीं पोटें बिघडण्याची. यांपैकीं पहिल्या सर्व दोषांचें मूळ पाण्यांत आहे आणि शेवटच्या दोषाचें मूळ उष्णतेंत व अस्वच्छतेंत आहे. या दोहोंचा क्रमानें विचार करूं.

प्रथम दहीं म्हणजे काय तें पाहूं. दुधांत केसीन नांवाचें प्रथिन अतिसूक्ष्म कणांच्या रूपानें तरंगत असतें. विरजणांतील जीवाणु दुधांतल्या साखरेपासून लॅक्टिक आम्ल तयार करितात. आंबटपणा वाढून पीएच सुमारें 4.6 पर्यंत उतरला, कीं हे कण एकमेकांना बिलगतात व त्यांचें एक जाळें बनतें. त्या जाळ्यांत दुधांतलें पाणी आणि स्निग्धांश अडकून राहतात. यालाच आपण दहीं लागलें असें म्हणतों. तें दहीं फडक्यांत टांगलें म्हणजे जाळें स्वतःच्या भारानें आंवळत जातें, पाणी ठिबकतें, आणि मागें राहतो तो चक्का. चक्का करणें म्हणजे दह्यांतलें पाणी काढणें, दुसरें कांहीं नाहीं.

या कामीं म्हशीचें दूध उत्तम. त्यांत स्निग्धांश साधारणतः शेंकडा 6 ते 8 असतो, तर गाईच्या दुधांत तो 3.5 ते 4.5 च्या सुमारास असतो. म्हशीच्या 1 लिटर दुधापासून सुमारें 400 ग्रॅम चक्का मिळतो. दूध चांगलें उकळून, मग कोमट करून विरजावें. उकळल्यानें रोगजंतु मरतात हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्याचा दुसराहि एक लाभ आहे. तापविल्यामुळें दुधांतलीं इतर प्रथिनें केसीनच्या कणांस चिकटतात, जाळें दाट होतें, आणि दहीं घट्ट लागतें.

आतां आंब्याकडे वळूं. पिकल्या आंब्याच्या रसांत सुमारें चार-पंचमांश पाणीच असतें. म्हणजे 400 ग्रॅम रस चक्क्यांत मिसळला, तर त्याबरोबर जवळजवळ 320 ग्रॅम पाणी आंत गेलें. रात्रभर थेंब थेंब करून जें पाणी आपण बाहेर घालविलें, त्यांतलें मोठें फुलपात्रभर आपण सकाळीं स्वतःच्या हातानें परत ओतलें! साध्या श्रीखंडाला पुरेसा घट्ट असलेला चक्का आम्रखंडाला कां पुरत नाहीं, तें यावरून ध्यानांत येईल.

यावर उपाय म्हणून पुष्कळ घरीं आंब्याचा रस विस्तवावर आटवून घालण्याची पद्धति आहे. त्यानें आम्रखंड घट्ट होतें खरें, परंतु आंब्याचा सुगंध ज्या द्रव्यांमुळें येतो, तीं द्रव्यें सहज उडून जाणारीं आहेत. रस आटतांना स्वयंपाकघर आंब्याच्या वासानें दरवळतें. जो वास घरभर पसरला, तितका वाटींतून कमी झाला, एवढेंच त्याचें तात्पर्य. उरलेल्या रसाला मुरंब्याची चव येते, ताज्या आंब्याची राहत नाहीं. म्हणून माझें सांगणें असें कीं, पाणी काढावयाचें तें चक्क्यांतून काढावें, आंब्यांतून काढूं नये. चक्क्याच्या पाण्यास सुगंध नाहीं. तें गेल्यानें चवीची कांहीं हानि होत नाहीं.

साध्या श्रीखंडासाठीं दहीं सहा ते आठ तास टांगतात. आम्रखंडासाठीं तें बारा तास तरी निथळूं द्यावें. मात्र भर उन्हाळ्यांत तें सारा वेळ खुंटीला टांगून ठेवूं नये, कारण उष्णतेनें जीवाणूंचें काम चालूच राहतें व चक्का फार आंबट होतो. पहिले एकदोन तास टांगून, मग ती पुरचुंडी चाळणींत ठेवावी, चाळणीखालीं पातेलें ठेवावें, वर थोडें वजन ठेवावें आणि हें सर्व रात्रभर फ्रीजमध्यें राहूं द्यावें. सकाळीं पुरचुंडी दाबली असतां फडक्याबाहेर ओल येऊं नये, आणि गोळा ताटांत उपडा केला असतां त्यानें आपला आकार धरून राहावें, ही चक्का तयार झाल्याची खूण.

आंबाहि जातीचा पाहून घ्यावा. पायरीचा रस पातळ असतो. पोळीबरोबर आमरस म्हणून त्याला तोड नाहीं, पण आम्रखंडास तो सोईचा नव्हे. येथें दाट गराचा, कमी धाग्यांचा हापूस किंवा केशर घ्यावा. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या जिल्ह्यांच्या ज्या हापुसाला 2018 सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, तो या कामीं पहिल्या प्रतीचा. रस काढतांना कोयी व सालें पाण्यांत धुऊन तें पाणी रसांत मिसळण्याची काटकसरी संवय येथें सोडावी. त्या पाण्याचें सार करावें.

प्रमाण असें ठेवावें : चक्का 1 किलो, साखर 400 ग्रॅम, दाट रस 400 ग्रॅम. एवढ्यासाठीं म्हशीचें दूध अडीच लिटर लागेल, आणि दर पानास 100 ते 120 ग्रॅम धरल्यास पंधरा ते अठरा पानें होतील. आंबे फार गोड असल्यास साखर थोडी कमी करावी. प्रथम चक्का व साखर एकत्र मळून अर्धा तास झांकून ठेवावें. साखर चक्क्यांतलें पाणी ओढून घेऊन त्यांत विरघळते, म्हणून मिश्रण या वेळीं सैल झालेलें दिसतें. त्यानें घाबरूं नये. मग तें पुरणयंत्रांतून काढावें. हें काम मनगटांचें आहे, आणि घरांतील पुरुषमंडळींनीं तें आपणांकडे घेण्यास कांहीं हरकत नाहीं. विजेच्या मिक्सरचा मोह मात्र टाळावा, कारण त्याच्या वेगवान पात्यांनीं तें प्रथिनांचें जाळें तुटतें व मिश्रण पातळ होतें. शेवटीं रस थोडा थोडा घालून हलक्या हातानें मिसळावा. चिमूटभर मीठ व अगदीं थोडी वेलदोड्याची पूड पुरे. जायफळ आंब्याच्या वासावर मात करितें. यानंतर तीनचार तास थंड केल्यावर त्यांतला स्निग्धांश कठिण होऊन आम्रखंड पुन्हां दाटतें. आंब्याच्या फोडी घालावयाच्या असल्यास वाढतांनाच घालाव्या. आधीं घातल्यास साखर फोडींतलें पाणी ओढते व तळाशीं पाझर जमतो.

दुसरीं फळें वापरावयाचीं झाल्यास एक सावधगिरी हवी. कच्च्या अननसांत ब्रोमेलीन आणि किवींत ॲक्टिनिडिन नांवाचीं पाचक द्रव्यें असतात. तीं दुधांतल्या प्रथिनांचे तुकडे करितात. त्यामुळें चक्का कडवट होतो व सैलावतो. हीं द्रव्यें उष्णतेनें निकामी होतात, म्हणून अननस साखरेंत शिजवून, निववून व निथळून मगच घालावा.

आतां राहिला आरोग्याचा प्रश्न. दही आंबट असल्यामुळें तें नासत नाहीं, असा एक समज आहे. तो अर्धाच खरा. आंबटपणा पुष्कळ जंतूंना रोखतो, सर्वांना नाहीं. बोटावर पिकलेली जखम असली, तर तींतले स्टॅफिलोकोकस जातीचे जंतु अन्नांत शिरून विष निर्माण करूं शकतात. तें विष मागाहून उकळूनहि नाहींसें होत नाहीं, आणि आम्रखंड तर उकळावयाचेंच नसतें. म्हणून फडकें उकळलेलें असावें, हात साबणानें धुतलेले असावे, आणि ज्याच्या हाताला जखम आहे त्यानें दुसरें काम घ्यावें. बिनकल्हईच्या पितळी भांड्यांत दहीं अगर आम्रखंड ठेवूं नये, तें कळकतें; स्टीलचें, कांचेचें किंवा चिनी मातीचें भांडें वापरावें.

गार खावयाचे असले नाशवंत पदार्थ फ्रीजबाहेर दोन तासांहून अधिक राहूं नयेत, आणि हवेची उष्णता 32 अंशांच्या वर असेल तर एका तासाहून अधिक नयेत, असा अन्नसुरक्षेचा नियम आहे. आपल्याकडे वैशाखांतल्या दुपारीं एक तासाचीच मर्यादा धरून चालावें. मोठें पातेलें पंगतींत फिरवीत न बसतां दोन लहान भांडीं करावीं; एक परातींतल्या बर्फावर ठेवून वाढावें व दुसरें तोंवर फ्रीजमध्यें असावें. उरलेलें आम्रखंड स्वच्छ डब्यांत, फ्रीजमध्यें, तीन दिवसांपर्यंत ठेवावें. त्यांत बुडबुडे दिसले किंवा मद्यासारखा वास आला, तर हळहळ न करितां टाकून द्यावें.

जातां जातां त्या निथळलेल्या पाण्याविषयीं दोन शब्द. चक्का होतांना आंबटपणामुळें दुधांतल्या कॅल्शियमचा मोठा वाटा विरघळून या पाण्यांत उतरतो, आणि त्याबरोबर कांहीं प्रथिनें व जीवनसत्त्वेंहि जातात. अडीच लिटर दुधाच्या दह्यापासून असें पाणी दीड लिटरच्या आसपास निघतें. तें मोरींत ओतूं नये. पोळ्यांची कणीक त्यांत भिजवावी, अगर दुसऱ्या दिवशीं बेसन लावून त्याची कढी करावी. पंगतीच्या दुसऱ्या दिवशीं, गोडाला विटलेल्या जिभांना, ती कढी आणि ऊन ऊन भात फारच गोड लागतो.