एकाच कॅल्शियमची दोन अनुमापने : गेवराई परिसरातील विहिरींच्या पाण्याच्या निमित्ताने

बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर, गोदावरीच्या दक्षिण तीरास लागून गेवराई तालुका पसरला आहे. या भूभागाचा पाया दख्खनच्या बेसॉल्ट खडकाचा असून त्यावर ठिकठिकाणी चुनखडीचे खडे मिसळलेली काळी माती आढळते. बेसॉल्टातील प्लॅजिओक्लेज खनिजापासून कॅल्शियम आणि पायरोक्सीन खनिजांपासून कॅल्शियम व मॅग्नेशियम ही दोन्ही भूजलात उतरतात. म्हणूनच अशा प्रदेशातील विहिरीचे पाणी बहुधा दुष्फेन असते. पदवी वर्गांत ऑक्सिडीभवन-क्षपण अनुमापन व जटिलनिर्मिती अनुमापन हे दोन स्वतंत्र प्रयोग म्हणून शिकविले जातात. परंतु एकाच विहिरीच्या पाण्यातील कॅल्शियम या दोन्ही मार्गांनी मोजले असता, ब्युरेटवरील वाचन प्रत्यक्षात कशाची गणना करते, हा मूलभूत प्रश्न आपोआप पुढे येतो.

जटिलनिर्मिती अनुमापनाचा पाया झुरिच येथील गेरोल्ड श्वार्झेनबाख यांनी १९४० नंतरच्या दशकात घातला. ईडीटीएचा एक रेणू धातूच्या एका आयनाशी संयोग पावतो. पाण्याचा पीएच १० राखून एरिओक्रोम ब्लॅक टी हा दर्शक वापरल्यास कॅल्शियम व मॅग्नेशियम यांची बेरीज मिळते. ईडीटीएचे कॅल्शियमशी होणारे जटिल मॅग्नेशियमच्या जटिलाहून सुमारे शंभरपट स्थिर असल्यामुळे कॅल्शियम आधी बांधले जाते. उलटपक्षी, दर्शकाची जवळीक मॅग्नेशियमशी अधिक असते. त्यामुळे मद्यासारखा तांबडा रंग जाऊन निळा रंग येण्याचा क्षण मॅग्नेशियमच ठरविते. पीएच १२ पर्यंत वाढविला असता मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडचा साका होतो व म्युरेक्साइड दर्शकाच्या साहाय्याने एकट्या कॅल्शियमचे मापन करता येते. मॅग्नेशियम मात्र प्रत्यक्ष मोजले जात नाही. ते वजाबाकीने काढावे लागते.

या वजाबाकीचे महत्त्व एका कल्पित उदाहरणावरून स्पष्ट होईल. ५० मिलिलिटर पाण्यास ०.०१ मोलर ईडीटीए एकूण १२.० मिलिलिटर लागले व त्यांपैकी कॅल्शियमसाठी ६.० मिलिलिटर खर्ची पडले, असे समजू. तर एकूण दुष्फेनता, कॅल्शियम कार्बोनेटाच्या रूपात, लिटरमागे २४० मिलिग्रॅम, कॅल्शियम ४८ मिलिग्रॅम आणि मॅग्नेशियम सुमारे २९ मिलिग्रॅम येते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार मॅग्नेशियमची स्वीकार्य मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. आता कॅल्शियमचे वाचन चुकून ५.७ मिलिलिटर घेतले गेले, तर तेच मॅग्नेशियम ३०.६ मिलिग्रॅम ठरते. अवघ्या ०.३ मिलिलिटरच्या चुकीने पाण्याविषयीचा निर्णय बदलतो, आणि चूक कॅल्शियमची असूनही दोष मॅग्नेशियमच्या माथी बसतो.

अशी चूक केवळ हलगर्जीपणानेच होते असे नाही. मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडचा साका काही कॅल्शियम आपल्या पृष्ठभागावर धरून ठेवतो. शिवाय पाण्यात बायकार्बोनेट विपुल असल्यास वाढलेल्या पीएचमुळे कॅल्शियम कार्बोनेटही वेगळे होऊ लागते. दोन्ही कारणांनी कॅल्शियम कमी भरते. नमुना प्रथम आम्लयुक्त करून उकळणे, थंड करणे व अल्क घातल्यावर विलंब न लावता अनुमापन करणे, हा त्यावरील उपाय होय.

दुसरा मार्ग परमँगनेटचा. येथे कॅल्शियमचे ऑक्सिडीभवन मुळीच होत नाही. कॅल्शियमचा ऑक्झॅलेटच्या रूपात साका पाडून तो गाळतात, धुतात व विरल सल्फ्यूरिक अम्लात विरघळवितात. नंतर मुक्त झालेल्या ऑक्झॅलिक अम्लाचे अनुमापन केले जाते. वरील पाण्याचे ५०० मिलिलिटर आटवून घेतल्यास त्यातील २४ मिलिग्रॅम कॅल्शियमसाठी ०.१ नॉर्मल परमँगनेट सुमारे १२ मिलिलिटर लागेल. आरंभीचे थेंब सावकाश विरंजित होतात. पुढे निर्माण झालेले मँगनीज आयनच उत्प्रेरकाचे कार्य करतात. म्हणून विद्राव ऊन ठेवणे व आरंभी घाई न करणे आवश्यक असते.

ब्युरेट येथे ऑक्झॅलेट मोजते, आणि ते सर्व कॅल्शियमचेच आहे याची हमी साक्याच्या शुद्धतेवर अवलंबून असते. साका दीर्घकाळ तसाच राहू दिल्यास त्यावर मॅग्नेशियम ऑक्झॅलेट जमू लागते. धुण्यात कसूर झाल्यास अमोनियम ऑक्झॅलेट मागे राहते. दोन्ही प्रसंगी कॅल्शियम अधिक भरते. साका विरघळवून पुन्हा पाडल्याने पहिला दोष बराच कमी होतो. मात्र धुण्याचा अतिरेकही इष्ट नव्हे, कारण कॅल्शियम ऑक्झॅलेट अल्पांशाने का होईना, पाण्यात विरघळते.

यावरून असे दिसून येईल की, या दोन पद्धतींचे प्रमुख दोष परस्परविरुद्ध दिशांचे आहेत. ईडीटीएने कॅल्शियम कमी भरण्याचा संभव, तर परमँगनेटने अधिक. त्यामुळे दोन्ही उत्तरे जुळली तर त्या आकड्यावर विश्वास ठेवण्यास सबळ आधार मिळतो. न जुळल्यास फरकाची दिशाच दोष कोठे शोधावा हे सुचविते. ईडीटीएची पद्धत जलद आहे व तिला पाणीही थोडे लागते, म्हणून नित्याच्या तपासणीत तिचाच अवलंब योग्य होय. तथापि परमँगनेटचा प्रयोग केवळ अभ्यासक्रमातील परंपरा म्हणून उरकून टाकणे योग्य नव्हे. ज्या विहिरीचे पाणी गाव पिते, तिच्याविषयीचा निर्णय एका वजाबाकीवर सोपविण्यापूर्वी त्या वजाबाकीची स्वतंत्र पडताळणी करण्याचे साधन विद्यार्थ्याच्या हाती त्याच प्रयोगाने दिलेले असते.