नेम धरा, पण आधी खिसा सांभाळा!

जिम लावून झाली, सालसाच्या चार स्टेप्स शिकून झाल्या, सह्याद्रीतले ट्रेक्सही झाले. आता वीकेंडला नवीन काय? आमच्या ऑफिसात सध्या याचं एकच उत्तर आहे... नेमबाजी! २०२४ मध्ये पॅरिस ऑलिम्पिकला कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ पटकावलं आणि कँटीनमधल्या गप्पांचा विषयच बदलला. १९५२ च्या खाशाबा जाधवांनंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळायला तब्बल ७२ वर्षं लागली. त्यात स्वप्नील तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनिसाची नोकरी करत होता. मग आपण नोकरदारांनी का मागे राहायचं?

गेली तीन वर्षं मी वीकेंडला १० मीटर एअर रायफलच्या रेंजवर जातेय. त्यामुळे ऑफिसातला प्रत्येक नवा उत्साही हमखास माझ्या डेस्कपाशी येतो. प्रश्न ठरलेला, "अगं, कुठली गन घेऊ?" माझं उत्तरही ठरलेलं, "आत्ता कुठलीच नको!"

आमच्या टीममधल्या एकाचं उदाहरण देते. बोनस हातात पडला आणि पठ्ठ्यानं थेट इम्पोर्टेड मॅच रायफलची चौकशी सुरू केली. ही किंमत लाखांच्या घरात जाते बरं का! "पैसे भरण्याआधी फक्त एकदा रेंजवर ये," म्हणून मी त्याला ओढूनच नेलं. सरांनी पहिल्या पाच मिनिटांत त्याचा डोळा तपासला. निघालं काय, तर स्वारी उजव्या हाताची, पण प्रमुख डोळा डावा! सर म्हणाले, डाव्या खांद्यावर रायफल घेऊन शिकणं सोपं जाईल. उजव्या हाताची रायफल घरी येऊन पडली असती, तर बोनस पाण्यातच गेला असता ना?

ही टेस्ट तुम्ही आत्ता खुर्चीत बसूनही करू शकता. दोन्ही हात समोर ताठ करा, तळव्यांमध्ये छोटीशी फट ठेवा आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या फटीतून लांबचं घड्याळ बघा. आता एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला घड्याळ फटीतच दिसतं, तो तुमचा प्रमुख डोळा.

आधी शिस्त, मग छर्रा

चांगल्या रेंजवर पहिल्या दिवशी छर्रा हातातही मिळत नाही. आधी नियम पाठ! बंदूक भरलेलीच आहे असं समजून वागायचं. नळीचं तोंड कायम टार्गेटच्या दिशेनं. नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर. रेंज ऑफिसर "स्टॉप" म्हणाला की बोट तिथेच थांबलं पाहिजे, आणि कुणी टार्गेटकडे निघालं की बंदुकीला हातही लावायचा नाही. रेंज सोडताना साबणानं हात स्वच्छ धुवायचे, कारण छर्रे शिशाचे असतात. तेच हात वडापावला लावू नका!

मग उभं राहणं, श्वास आणि चाप. छर्रा सुटल्यावरही क्षणभर नेम तसाच धरून ठेवायचा, याला फॉलो-थ्रू म्हणतात. ऐकायला सोपं वाटतं, पण एअर रायफलच्या टार्गेटवरचा १० गुणांचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो, आणि मॅच असते ६० शॉट्सची, सव्वा तासाची! दिवसभर मॉनिटरपुढे वाकून बसणाऱ्या आपल्या पाठीला हे शिकायला वेळ लागतोच.

गन कधी घ्यायची?

याचं उत्तर टार्गेटच देतं. तुमचे १० छर्रे कोपऱ्यात का होईना, पण एकाच जागी लागत असतील तर छान! साईटचे दोन-चार क्लिक्स फिरवले की तो घोळका मध्यावर येतो. छर्रे चहूकडे विखुरले असतील, तर महागडी रायफल ते गोळा करून देणार नाही. ते काम तुमच्या शरीराचं. म्हणून ग्रुपिंग जमेपर्यंत क्लबचीच गन वापरा.

सामान कितीही भारी असो, ते दगा देऊ शकतं. २००८ मध्ये बीजिंगच्या फायनलआधी अभिनव बिंद्राला आपल्या रायफलची साईट बिघडलेली आढळली. त्यानं ती तिथल्या तिथे दुरुस्त केली आणि सुवर्णपदक जिंकलं. २०२१ मध्ये टोकियोत मनू भाकरचं पिस्तूल ऐन स्पर्धेत बिघडलं, मोलाची मिनिटं गेली आणि फायनल थोडक्यात हुकली. तीच मनू २०२४ मध्ये पॅरिसहून दोन ब्राँझ घेऊन आली. दुरुस्ती करता येणं आणि डोकं शांत ठेवणं, हे सरावातूनच येतं.

शॉपिंग लिस्ट

रायफलवाल्यांनी सुरुवात जॅकेट, ग्लोव्ह आणि शूजपासून करावी. जॅकेट अंगाच्या मापाचंच हवं. मित्राचं ढगळ जॅकेट घालून पाठीला आधार मिळत नाही. पिस्तूलवाल्यांचा खर्च कमी, त्यांना जॅकेट लागत नाही. फक्त बूट घोट्याच्या खाली हवेत आणि ग्रिप तुमच्या तळहाताच्या मापाची.

गन घेताना वजन खांद्यावर घेऊन बघा. नियमानुसार एअर रायफल ५.५ किलोपर्यंत, पिस्तूल १.५ किलोपर्यंत चालतं. पण चालतं म्हणून पेलतंच असं नाही! सेकंडहँड मिळत असेल तर एअर सिलिंडरवरची तारीख आधी वाचा. मुदत संपलेला सिलिंडर धोकादायक असतो. फाइनवेर्कबाऊ, वॉल्थर, स्टायर ही नावं रेंजवर ऐकाल, पण नाव शेवटी बघा, माप आधी.

गच्चीवर नको रे बाबा!

०.१७७ बोअरच्या आणि २० जूलच्या आतल्या एअरगनला आपल्याकडे परवाना लागत नाही. दुकानात ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा मात्र द्यावा लागतो. .२२ रायफलला शस्त्र कायद्याखाली परवाना हवाच. पण परवाना लागत नाही म्हणजे खेळणं नव्हे! छर्रा भिंतीवर आपटून उलटा येऊ शकतो, डोळा कायमचा जाऊ शकतो. गच्चीवरून कबुतरं टिपायचे मनसुबे तर सोडूनच द्या. घरी गन कायम रिकामी, कुलपात, आणि छर्रे वेगळ्या कपाटात. घरात लहान मूल असेल तर किल्लीही तुमच्याकडेच.

पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात, पनवेलला सुमा शिरूर यांच्या लक्ष्य क्लबमध्ये रीतसर प्रशिक्षण मिळतं. इतर शहरांतही क्लब आहेत. निवडताना भिंतीवरच्या ट्रॉफ्या मोजू नका. तासभर मागे उभं राहा आणि "स्टॉप" म्हटल्यावर सगळी बोटं चापावरून निघतात का, एवढंच बघा. निघत असतील, तर खुशाल फी भरा!