संगणकाची शांतता वॅटमध्ये मोजा

कपड्यांची इस्त्री साधारण हजार वॅटची असते आणि तिचा तळ दीडशे ते दोनशे चौरस सेंटिमीटरचा. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला पाच ते सात वॅट उष्णता. एवढ्यावर सुती सदऱ्याच्या सुरकुत्या जातात आणि चुकून बोट टेकले तर फोड येतो. आता इंटेलचा ‘कोअर आय-९ १३९००के’ हा २०२२ सालचा प्रोसेसर घ्या. पूर्ण जोरात चालताना तो २५३ वॅटपर्यंत वीज घेतो आणि त्याची सिलिकॉनची चिप असते जेमतेम अडीच चौरस सेंटिमीटरची. दर चौरस सेंटिमीटरला जवळजवळ शंभर वॅट! संगणक ओझे उचलत नाही की टाकीत पाणी चढवत नाही. त्याने घेतलेली जवळपास सगळी वीज अखेर उष्णताच होते. टेबलाखालून येणारी घरघर म्हणजे ही उष्णता बाहेर वाहून नेण्याची हमाली. संगणक शांत हवा असला की बहुतेक जण दुकानात जाऊन ‘सायलेंट’ असे छापलेला पंखा मागतात. पण पंख्याची निवड हा या कामातला शेवटचा निर्णय आहे. यंत्र किती वॅट जाळणार हे ज्या क्षणी ठरते, त्याच क्षणी त्याच्या आवाजाचाही बराचसा निकाल लागलेला असतो.

म्हणून सुरुवात उगमापासून करायला हवी. चिप जी वीज खाते ती मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते: तिच्या ठोक्यांचा वेग आणि तिला दिलेला व्होल्टेज. वेग वाढला की वीज त्याच प्रमाणात वाढते. व्होल्टेज वाढला की मात्र वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दहा टक्क्यांनी वाढवायचा आणि त्यासाठी व्होल्टेजही दहा टक्क्यांनी चढवायचा, तर वीज सुमारे ३३ टक्के जास्त लागते. वेगाचा शेवटचा घास असा फार महाग पडतो. एएमडीच्या ‘रायझन ७ ७७००’ आणि ‘७७००एक्स’ या दोन भावंडांत आठ-आठच गाभे आहेत. कमाल वेग एकाचा ५.३, तर दुसऱ्याचा ५.४ गिगाहर्ट्झ, पण उष्णतेचे ठरवून दिलेले माप पहिल्याचे ६५ वॅट आणि दुसऱ्याचे १०५ वॅट. ‘म्हणजे शांततेसाठी मंद संगणक वापरायचा का?’ असा आक्षेप इथे हमखास येतो. चोवीस तास चित्रफितींचे संस्करण करणाऱ्याला त्या शेवटच्या टक्क्यांचे मोल असेलही. पण पत्रे लिहिणे, हिशेब ठेवणे, छायाचित्रे नीट करणे, प्रोग्रॅम लिहिणे या कामांत तो फरक हाताला जाणवत नाही. कानाला मात्र रोज जाणवतो. ॲपलने २०२० मध्ये ‘एम१’ चिपचा मॅकबुक एअर पंख्याशिवायच बाजारात आणला. त्यांना हे साधले ते चिपची भूक कमी असल्यामुळे.

उगमानंतर येतो एसएमपीएस, म्हणजे भिंतीतली २३० व्होल्टची वीज संगणकाला लागणाऱ्या १२ व्होल्टमध्ये उतरवणारी पेटी. लॅमिंग्टन रोड असो की पुण्यातली तपकीर गल्ली, कॅबिनेटसोबतच एक एसएमपीएस देऊन मोकळे होण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे, आणि गिऱ्हाईकही त्याची फारशी चौकशी करत नाही. हिशेब मांडून पाहा. आतल्या भागांना ३०० वॅट लागतात असे धरू. एसएमपीएसची कार्यक्षमता ८० टक्के असेल तर तो भिंतीतून ३७५ वॅट घेईल आणि ७५ वॅट स्वतःच्याच पोटात तापवून टाकेल. कार्यक्षमता ९० टक्के असेल तर तो घेईल ३३३ आणि वाया जातील फक्त ३३ वॅट. ऐकायला दहा टक्क्यांचा फरक. पण पेटीच्या पंख्याला बाहेर ढकलावी लागणारी उष्णता निम्म्याहूनही खाली आली. २००४ पासून चालत आलेली ‘८० प्लस’ ही श्रेणी हेच मोजते. अमेरिकेतल्या ११५ व्होल्टवर निम्म्या भाराला ब्राँझकडून ८५ टक्के, गोल्डकडून ९० टक्के आणि टायटॅनियमकडून ९४ टक्के कार्यक्षमतेची अपेक्षा असते. मात्र ही श्रेणी आवाज मोजत नाही, आणि तिची चाचणी २३ अंश सेल्सियसच्या खोलीत होते. म्हणून नुसत्या ‘गोल्ड’च्या शिक्क्यावर न थांबता पूर्ण क्षमता किती तापमानाला मिळेल असे कंपनी सांगते, ४० अंशांना की ५० अंशांना, तेही पाहावे. सायबेनेटिक्ससारख्या संस्था एसएमपीएसच्या आवाजाची वेगळी श्रेणी देतात; ती मिळाली तर अधिक उपयोगी.

मग सगळ्यात मोठा, हजार वॅटचाच एसएमपीएस का घेऊ नये? भार कमी, म्हणून ताप कमी, म्हणून आवाज कमी, असे हे तर्कट वाटते बरोबर. पण ते अर्धेच खरे आहे. साधे काम करताना संगणक चाळीस-पन्नास वॅटच घेतो. हजार वॅटच्या पेटीवर तो चार-पाच टक्के भार झाला, आणि इतक्या खालच्या भाराची हमी ‘गोल्ड’ची श्रेणी देत नाही. उलट अगदी नेमक्या क्षमतेचा घेतला तर ग्राफिक्स कार्डाचे क्षणिक झटके त्याला झेपत नाहीत. २०२२ च्या एटीएक्स ३.० मानकानुसार मोठ्या एसएमपीएसला १०० मायक्रोसेकंदांपुरता दुप्पट भार सोसता आला पाहिजे, तो याच कारणासाठी. तेव्हा यंत्राची खरी कमाल गरज पेटीच्या क्षमतेच्या निम्मी ते साठ टक्के असावी, हा व्यवहारी मध्यममार्ग. कमी भाराला पंखा पूर्ण थांबवणारे एसएमपीएसही मिळतात. ते गार प्रदेशात छान चालतात. पण आपल्या उन्हाळ्यात सतत सावकाश फिरणारा पंखा बरा, कारण आतल्या कपॅसिटरचे आयुष्य तापमान दहा अंशांनी वाढले की साधारण निम्मे होते, आणि मधूनच सुरू होऊन बंद पडणारा पंखा सतत फिरणाऱ्यापेक्षा कानाला जास्त टोचतो.

उरलेली उष्णता आता वाहून न्यायची. प्रोसेसरवरच्या हीटसिंकमध्ये तांब्याच्या ज्या वाकड्या नळ्या दिसतात त्या भरीव नसतात. हवा काढून घेतलेल्या त्या नळीत थोडेसे पाणी असते आणि आतून सच्छिद्र तांब्याचे अस्तर. चिपजवळच्या टोकाला पाण्याची वाफ होते, ती पत्र्यांकडच्या गार टोकाला जाऊन निवते, आणि पाणी अस्तरातून दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे परत येते. अमेरिकेतल्या लॉस ॲलामॉस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ मध्ये ही नळी प्रत्यक्षात आणली. वाफ होताना पाणी इतकी उष्णता उचलते की १०० वॅट वाहून न्यायला दर सेकंदाला ग्रॅमचा पंचविसावा भाग पाणी पुरते. या नळ्यांना ना मोटर, ना आवाज. अडचण पुढे येते, पत्र्यांवरून हवेत जाताना, कारण हवा उष्णतेची फार कच्ची वाहक आहे. हवा दहाच अंश तापू द्यायची आणि २०० वॅट बाहेर न्यायचे, तर दर सेकंदाला सुमारे १७ लिटर हवा कॅबिनेटमधून गेली पाहिजे. न्हाणीघरातली एक बादली दर सेकंदाला रिकामी करण्यासारखेच हे. ती हवा धावतपळत न्यायची की संथपणे, एवढाच प्रश्न आता उरतो.

पंख्यांचे नियम याचे उत्तर फार स्पष्ट देतात. फेरे निम्मे केले तर हवा निम्मी होते. पण आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो, आणि दहा डेसिबलची घट कानाला आवाज निम्मा झाल्यासारखी वाटते. म्हणजे मिनिटाला १५०० फेऱ्यांनी गरगरणाऱ्या एका पंख्याऐवजी ७५० फेऱ्यांचे तसेच दोन पंखे शेजारी-शेजारी लावले तर हवा जवळपास तेवढीच मिळते. दोन पंखे झाल्याने तीन डेसिबल वाढतात, तरी एकूण बारा डेसिबलचा नफा पदरात पडतो. पंखे जास्त म्हणजे आवाज जास्त, हा समज इथे खोटा ठरतो. आकाराचेही तसेच: ८० मिलिमीटरपेक्षा १२०चा आणि १२०पेक्षा १४०चा पंखा तेवढीच हवा कमी फेऱ्यांत देतो. चार तारांचा पंखा घ्यावा, कारण त्याचा वेग मदरबोर्ड सुमारे २५ किलोहर्ट्झच्या संकेताने आवरतो. माणसाचा कान २० किलोहर्ट्झपलीकडचे ऐकत नाही, म्हणून त्या नियंत्रणाची स्वतःची शिट्टी ऐकू येत नाही. पाकिटावरचा डेसिबलचा आकडा मात्र मोकळ्या हवेतला असतो. पात्यांना चिकटून पत्र्याची जाळी किंवा केबलचा गुंता आला की हवा फाटते आणि तोच पंखा गुरगुरू लागतो.

पंखा केव्हा धावतो यावरही बरेच अवलंबून आहे. ब्राउझर उघडताच चिपचे तापमान क्षणात पंधरा-वीस अंशांनी उसळते, पंखाही लगेच ओरडतो, आणि पाच सेकंदांत सगळे पुन्हा शांत होते. हा आरडाओरडा निव्वळ वाया जातो. चिप चिमूटभर सिलिकॉनची असल्याने लगेच तापते. अर्धा-पाऊण किलोचा हीटसिंक तापायला कित्येक सेकंद लागतात, आणि पंख्याचे काम हीटसिंक निववण्याचे आहे. म्हणून बायोसमध्ये पंख्याचा वेग वाढण्याआधी काही सेकंदांचा विलंब ठेवला तर थंडाव्यात काही बिघडत नाही. कान एकसुरी आवाजाला लवकर सरावतो. चढ-उताराला सरावत नाही.

आता राहिलेले आक्षेप. पाण्याचा कूलर शांत असतो, असे सांगितले जाते. पाणी उष्णता फक्त दूर नेते. शेवटी ती रेडिएटरच्या पंख्यांनीच हवेत जाते, आणि वर सतत चालणारा पंप वाढतो. अडीचशे वॅटच्या प्रोसेसरला मोठ्या रेडिएटरचा फायदा आहे, ६५ वॅटच्या प्रोसेसरला नाही. कॅबिनेटला आतून फोम लावला तर? सात पात्यांचा पंखा मिनिटाला १२०० फेऱ्या घेताना जो सूर काढतो तो १४० हर्ट्झचा, म्हणजे जवळपास अडीच मीटर लांबीच्या लाटेचा. काही मिलिमीटरचा फोम त्या लाटेला काय अडवणार? समोरची बाजू बंद केल्याने हवा मात्र अडते आणि पंखे अधिक धावतात. त्यापेक्षा जाळीची मोकळी बाजू बरी. आणि ‘डोक्यावर छताचा पंखा फिरत असताना संगणकाचे कोण ऐकतो?’ हा खास आपला प्रश्न. छताच्या पंख्याचा सूर खर्जातला असतो; स्वस्त छोट्या पंख्यांची किणकिण वरच्या पट्टीतली, आणि कान दोन ते पाच किलोहर्ट्झला सर्वात तीक्ष्ण असतो. ती त्यातूनही ऐकू येते. थंडीच्या रात्री किंवा ध्वनिमुद्रण करताना तर छताचा पंखा बंदच असतो.

आपल्या हवामानाचा आक्षेप मात्र खरा आहे आणि तो मान्यच केला पाहिजे. प्रोसेसरची मर्यादा ९५ अंशांची असेल तर २५ अंशांच्या खोलीत उष्णता ढकलायला ७० अंशांचा उतार मिळतो. अकोला-नागपूरच्या मे महिन्यात खोलीच ४२ अंशांवर गेली तर उरतात ५३. तेवढीच उष्णता काढायला कूलर सुमारे एक तृतीयांशाने जास्त समर्थ हवा. गार खोलीत घेतलेल्या परदेशी चाचण्यांचे आकडे इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. पण यातून ‘जास्त जोरात पंखा’ हा निष्कर्ष काढणे चूक आहे. उतार कमी, तर आधी वॅट कमी करा, मग हीटसिंक मोठा घ्या.

तेव्हा नवे काही विकत आणण्याआधी तीन बिनखर्चाच्या गोष्टी करा. बायोसमध्ये प्रोसेसरची वीजमर्यादा खाली आणा. पंख्याला काही सेकंदांचा धीर शिकवा. आणि दिवाळीच्या साफसफाईत माळ्याबरोबर कॅबिनेटची जाळीही झटका. वीज बंद करून, पाती बोटाने धरून, ब्रशने वर्षभराची धूळ काढा. एवढे करूनही आवाज उरला तर खुशाल नवा पंखा घ्या. तो मोठा घ्या आणि हळू फिरवा.