मापनयंत्राचा खरेपणा

लामत्याच्या दुकानातील तराजू पाहा. रिकामी पारडी समतोल नसतील, तर प्रत्येक वजनात तीच चूक शिरते. ही त्रुटी होय. चिमूटभर मिठानेही काटा हलला, तर तो तराजू संवेदनशील. रोज थोडेथोडे पुढे जाणाऱ्या घड्याळात तफावत काळाबरोबर वाढते. हा दुसरा दोष.

संवेदनशील यंत्र अचूकच असते, हा समज आम्हांस अनेकांत आढळतो. तो खरा नव्हे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाचे मापन होत असे. शहरात विजेच्या ट्रामगाड्या येणार, तेव्हा त्यांच्या विद्युत्प्रवाहाने तेथील नाजूक चुंबक ढळणार, हे उघड झाले. म्हणून संचालक डॉ. नानाभाई मूस यांच्या काळात, १९०४ साली, लोखंड कटाक्षाने टाळून अलिबागेस नवी वेधशाळा उभारण्यात आली. जुनी मात्र लगेच बंद केली नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेऊन त्यांतील फरक निश्चित केला. त्यामुळे नोंदींची साखळी अखंड राहिली.

तात्पर्य, यंत्र कितीही नाजूक असो, वेळोवेळी विश्वसनीय मापाशी ताडून पाहिल्याखेरीज आपण त्याच्या आकड्यावर विसंबू नये.